बाळंतिणीचे लाडू मी खाल्ले

रंजू,

तू गेल्यापासून लोक तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलतायत की मला ऐकवत नाही. काल समोरच्या मालतीवहिनी आल्या, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, अशी सोशीक पोर पुन्हा व्हायची नाही. मी मान हलवली. मनात म्हटलं, सोशीक? हिने माझ्या शिलाई मशीनची सुई तीनदा मोडली आणि तिन्ही वेळा मशीनलाच शिव्या घातल्या. पण गेलेल्या माणसापुढे आमच्यासारख्या जित्यांचं काही चालत नाही. मला तुझा हेवा वाटतो, रंजू. जन्मभर वाटत आलाय. तुझ्या तोंडावर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून आज सोळाव्या दिवशी लिहून काढते आहे. एवढा उशीर माझ्या स्वभावाला शोभतोच.

आपल्या घराण्यात गोष्टी सांगायच्या त्या मी. बारसं असो, लग्न असो, जेवणं झाली की सगळी गोळा होणार आणि म्हणणार, कुसुमताई, तो किस्सा सांग ना. पण किस्से घडायचे ते तुझे. गागोद्याच्या बाजूला आपल्या शेतातल्या विहिरीत पडलीस तू. मी काठावर उभी राहून बोंब मारली आणि पुढची पंचवीस वर्षं ती विहीर दर लग्नात हातभर खोल करत नेली. तुझं आयुष्य मी तोंडी लावायला वापरलं. त्याचा तुला राग यायला हवा होता. तू तर शेजारी बसून, मी काही विसरले की आठवण करून द्यायचीस.

तुझ्यामाझ्यात बारा वर्षांचं अंतर. आईवडील गेल्यावर तुझं लग्न मी रोह्यातून लावून दिलं, म्हणजे तुझं माहेर ते माझं घर. दोन खोल्या, पडवीत मशीन आणि दारावर 'येथे ब्लाउज शिवून मिळतील'. पेणला तुझं सासर. नवरा सुधाकर वेल्डर, डोलवीला कंपनीत कंत्राटावर. त्याच्या आधी तो ठेकेदाराबरोबर कुठेकुठे हिंडला होता ते आपण कधी विचारलं नाही. चांगला हसरा होता. एवढं पुरतं, असं आपल्याला वाटायचं.

तुला दिवस गेल्याचं सांगायला तू पॅसेंजरने आलीस. मी तेव्हा त्रेचाळीसची. लग्नाला बावीस वर्षं झालेली. उपास करून झाले, दवाखाने करून झाले, एका बाबाने दिलेला अंगारा दुधातून घेऊन झाला, त्याने फक्त जुलाब झाले. तू दारात चप्पल काढतानाच मला कळलं. मी तुला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि त्या हाताने तुला एक चिमटा काढावासा वाटत होता. खोटं नाही सांगत. तुझ्या डोहाळजेवणाला पेणच्या बायांनी मला ओटी भरायला पुढे येऊ दिलं नाही. कुणी काही बोललं नाही, पण नारळ माझ्या हाताला न लागता या हातातून त्या हातात निघून गेला. तेव्हा तू पाटावरून उठलीस, तो नारळ घेतलास आणि माझ्या हातात दिलास. म्हणालीस, "माझी ओटी आधी ताई भरेल." मला रडू आलं, आणि रडता रडता हेवाही वाटला. पोटही हिचं आणि मोठं मनही हिचंच, मग माझ्या वाट्याला काय?

सहाव्या महिन्यात तू पुन्हा आलीस. सुधाकरचा ताप जात नव्हता म्हणून पेणच्या डॉक्टरांनी त्याचं रक्त तपासलं, मग तुझं. मी वाल सोलत बसले होते. तू समोर बसलीस, दोन मुठी वाल माझ्याबरोबर सोललेस आणि मग सांगितलंस की दोघांच्याही रक्तात एड्सचे जंतू निघाले. सासूबाईंना सांगितलं नाही, आणि सांगणारही नाही म्हणालीस.

त्या दिवशी मी तुझा चहाचा कप दोनदा विसळला. तू बघत होतीस. म्हणालीस, "आणखी एकदा विसळ, म्हणजे फुटेल." मी तो कप तसाच भरला आणि त्यातला चहा मी प्यायले. शूर म्हणून नाही गो, लाज वाटली म्हणून.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र मी कुणालाच सांगितलेली नाही. तू पॅसेंजरने परत गेलीस, मी फलाटावर उभी होते. गाडी हलली. डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझ्या मनात एक विचार येऊन गेला: हिचं काही झालं तर बाळ माझ्याकडे येईल. आधी हा विचार आला, पाणी मागून आलं. तो विचार मी किती धुतला, किती घासला, पण त्या क्रमात फरक पडला नाही.

पोटातल्या बाळाला वाचवायचा काही उपाय आहे का, हे शोधत आपण दोघी फिरलो. इथल्या एका दवाखान्यात तुझा कागद वाचला आणि खाट रिकामी नाही म्हणून सांगितलं. खाटा तर समोर दिसत होत्या. शेवटी कुणीतरी मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्याचं सांगितलं. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलायच्या. शेवटच्या महिन्यात रोज गोळ्या घ्यायच्या, कळा सुरू झाल्या की दर तीन तासांनी. त्याने बाळाला जंतू लागायचा धोका कमी होतो, जात नाही. बाळाला अंगावर पाजायचं नाही. आणि बाळ दीड वर्षाचं होईपर्यंत त्याची खात्रीची तपासणी होणार नाही, कारण तोवर आईच्या रक्ताची छाप बाळाच्या रक्तात दिसत राहते. मी विचारलं, आणि हिला कुठल्या गोळ्या? बाई म्हणाल्या, "या गोळ्या बाळासाठी आहेत. आईसाठी औषधं निघालीत, पण ती जन्मभर घ्यावी लागतात आणि ती आम्ही देऊ शकत नाही." मी त्यांच्याशी भांडायला उठले. तू माझा पदर ओढून मला खाली बसवलंस आणि विचारलंस, गोळ्या जेवणाआधी की जेवणानंतर.

सायली तिथेच झाली. दहा दिवसांची असताना आपण तिला रोह्याला आणली. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज आयता कामी आला. पेणच्या घरात राहून बाळाला अंगावर न पाजणं लपलं नसतं. सासूबाईंना आपण सांगितलं की दूधच येत नाही.

इथे आपलं चुकलं. मिठागरावर उभा जन्म काढलेली बाई ती, दूध येत नाही म्हटल्यावर गप्प कशी बसेल? दर आठवड्याला पॅसेंजरने हजर, डोक्यावर स्टीलचा डबा. हळिवाचे लाडू, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, वर खसखशीची खीर. "खा गो पोरी, दूध नाय येल असं कसं होईल, झरा फुटंल." तू त्यांच्यासमोर एक लाडू कुरतडायचीस आणि त्या गाडीला गेल्या की डबा माझ्याकडे सरकवायचीस. दूध सुकावं म्हणून गोळ्या चालू होत्या, आणि हळीव खाल्लं तर सगळं मुसळ केरात. टाकावेत म्हटलं, तर आई सांगायची की बाळंतिणीच्या डब्यातलं टाकू नये. शेजारी वाटावेत, तर चार दिवसांत गोष्ट पेणला पोचणार. मग उरलं कोण? मी खाल्ले. सकाळी दोन, दुपारी दोन, ब्लाउजला हुक लावता लावता एक.

इकडे मी तुझ्या छातीला जुन्या लुगड्याची पट्टी बांधायचे. गोळ्या घेऊनही तुझं दूध हटत नव्हतं. सायली रडली की तुझं पोलकं भिजायचं. ती माझ्या मांडीवर वाटीचमच्याने वरचं दूध पीत असायची आणि तू भिंतीकडे तोंड करून बसायचीस. मी पट्टी आवळायचे, तू म्हणायचीस, अजून आवळ. तुला वाटलं असेल, ताई किती मायेने बांधते. रंजू, बावीस वर्षांत मला ज्याचा एक थेंब आला नाही, ते मी माझ्या हाताने बांधून घालत होते. माया होतीच. पण गाठ जरा जास्त घट्ट बसायची, ती कशाने बसायची ते मला ठाऊक आहे.

महिनाभरात मी फुगले. मालतीवहिनी माप द्यायला आल्या होत्या. माप घ्यायचं राहिलं बाजूला, टेप त्यांनी माझ्याच कमरेला लावली आणि डोळे मोठे केले. दुसऱ्याचं बाळ मांडीवर आलं की आपली कूस उजवते, असं त्यांच्या आजीने सांगितलेलं होतं. मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मान खाली घालून दोरा ओवत बसले. रंजू, काय सुख होतं ते! दुसऱ्या दिवशी त्यांनी चिंच आणली, तिसऱ्या दिवशी कैरीचं लोणचं. रस्त्यात बाया मला बाजू द्यायला लागल्या. नळावर माझी बादली कुणीतरी उचलायचं. मी पण कमरेवर हात ठेवून चालायला लागले. पोटात सासूबाईंची मेथी आणि चालण्यात सातवा महिना.

तू आतून सगळं ऐकत होतीस. एकदा, अजिबात न हसता विचारलंस, "ताई, कितवा?"

मी म्हटलं, "चौथा डबा चाललाय."

आपण दोघी किती हसलो. तू पोट धरून हसलीस, सायली दचकून उठली. मग हसू ओसरल्यावर तू माझ्याकडे जे बघितलंस ना, ते मला नको होतं. तू माझी कीव केलीस. तुझ्या रक्तात ते, तुझा नवरा तिकडे झिजतोय, तुझी मुलगी वाचेल की नाही याचा पत्ता नाही, आणि कीव तू माझी करणार? तिथेही तू माझ्या वरचढ.

ते सोंग मी आणखी चाललं तेवढं चालवलं असतं. पण बातमी आमच्या ह्यांच्या कंपनीत पोचली. पहिल्या शिफ्टवरून आले, हातपाय धुतले, आणि टॉवेलने तोंड पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "लोक बोलतात ते... हाय काय तसं?" बावीस वर्षांत त्या माणसाने मला एका शब्दाने टोचलं नव्हतं. तो टॉवेल तोंडावरून खालीच येईना. मी म्हटलं, नाही हो, लाडू आहेत. ते बरं म्हणाले आणि अंगणात जाऊन जास्वंदीला पाणी घालत बसले. पाणी खूप घातलं त्या दिवशी. मालतीवहिनींना मी सांगितलं, वयाचा वात आहे. तेव्हापासून त्या मला चिंच देत नाहीत.

सुधाकरचं दुखणं वाढलं म्हणून तू पेणला गेलीस, आणि सायली सहा महिन्यांची असताना तो गेला. मग पेणला लपलं नाही. तुझं ताट वेगळं झालं, अंघोळीचा तांब्या वेगळा झाला, आणि तू सायलीला घेऊन कायमची माझ्याकडे आलीस. सासूबाई महिन्याने आल्या. उंबऱ्याच्या बाहेरच बसल्या. घाबरल्या होत्या, आणि घाबरल्याची लाजही वाटत होती. बराच वेळ रडून झाल्यावर काहीतरी आठवून त्यांनी नाक पुसलं. "गो, मग ते लाडू कोणी खाल्लं?" तू माझ्याकडे बोट केलंस. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "व्हय, दिसतंय." तेवढ्या एका वाक्यावर त्या उंबरा ओलांडून आत आल्या. आल्या त्या आल्या, त्यांनी तुझं डोकं मांडीवर घेतलं. भित्री बाई, पण शेवटी आत आली. सगळे येत नाहीत.

दीड वर्ष आपण सायलीच्या वाढदिवसाची वाट नाही बघितली, तपासणीची बघितली. तिला सर्दी झाली की तू माझ्याकडे बघायचीस, मी तुझ्याकडे. वेळ आली तेव्हा तुला उठवत नव्हतं. मी एकटी तिला मुंबईला घेऊन गेले, पुन्हा कागद आणायला गेले. परत आले तेव्हा तू पडवीत मशीनला टेकून बसली होतीस. मी सबंध गाडीभर वाक्यं जुळवली होती. गोष्टी सांगणारी ना मी. तुझ्यासमोर एकच निघालं, "नाय निघालं गो. पोर चांगली हाय."

तू डोळे मिटलेस. मग विचारलंस, "जेवलीस काय?"

आणि दुसऱ्या दिवसापासून तू तो खेळ सुरू केलास. सायलीला मांडीवर घ्यायचीस आणि विचारायचीस, आई कुठाय? ती तुझ्या छातीवर बोट ठेवायची. तू मान हलवून ते बोट माझ्याकडे वळवायचीस. ती बघ आई. आणि टाळी वाजवायचीस. लेकरू ते, टाळीसाठी काहीही करेल. आठ दिवसांत ती माझ्याकडे बोट करायला लागली. आधी मला वाटलं थट्टा आहे. मग एका दुपारी ती झोपलेली असताना मी तुला विचारलं, हे काय लावलंयस.

तू म्हणालीस, "ती सुटली. आता तिला माझ्यापासून पण सोडव."

तू सगळा विचार केलेला होतास. शाळेत जाईल, लग्नाची होईल, कुणीतरी सांगेल ही कुणाची पोर. मग तिच्या ताटातही वेगळं वाढतील. तुझं नाव तिच्यामागे नको होतं तुला. मी म्हटलं, लोकांना काय सांगू? तू म्हणालीस, "तुला काय, ताई. महिनाभर अख्ख्या आळीला पोटुशी वाटत होतीस. ते जमलं, तर एवढं जमेल."

मी चिडले. मी तुला वाटेल ते बोलले. पोर वाऱ्यावर टाकतेस म्हणाले, तुला मोठेपणा मिरवायचाय म्हणाले. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "तुला हवीच होती ना?"

रागाने नाही म्हणालीस. तेच तर वाईट. फलाटावरचा तो विचार तुला माहीत होता की काय, हे मला आता कधी कळणार नाही. त्यानंतर तू दोन महिने होतीस. आपण पेजेत मीठ किती यावर बोललो, तुझ्या खोकल्यावर बोललो, दोन हजार साल आलं की जग बुडणार म्हणून टीव्हीवर सांगतात त्यावर हसलो. त्या वाक्याला मात्र मी उत्तर दिलं नाही. उत्तर एका शब्दाचं होतं. हो.

हवी होती. अजून हवी आहे. पण तू जी दिलीस ती अशी नको होती मला. मी बावीस वर्षं ज्याच्यासाठी झुरले, ते तू टाळी वाजवून माझ्या पदरात टाकलंस आणि वर स्वतः नाहीशी होऊन मोठी झालीस. आणि मी घेतलं असतं, तर जन्मभर तुझ्या उपकाराखाली आई म्हणून मिरवले असते. नाही गो. एवढं मला सोसायचं नाही. लोक सांगतील ते सांगतील. मी काही आळीला पुरून उरणार नाही, पण पोरीच्या बाजूने भांडेन तरी. भांडण मला तुझ्याहून चांगलं येतं. तेवढं एकच.

आज दुपारी मी मशीनवर होते. सायली आली, माझा पदर ओढला आणि म्हणाली, "आई."

पहिल्यांदा मी ओ दिली. देवाशपथ सांगते, दिली. काय चुकलं असेल नसेल ते असो, त्या हाकेला एकदा ओ देऊन बघितली मी.

मग ती माझ्याकडे बोट करून उभी राहिली. टाळीची वाट बघत होती. मी मशीन थांबवली, तिला उचललं आणि आत नेलं. तिचं बोट धरून तुझ्या खाटेकडे वळवलं. म्हटलं, "मी मावशी. ती आई."

तिने खाटेकडे बघितलं. गादी काढून टाकलीय, नुसत्या पट्ट्या आहेत. मग ती माझ्या कडेवरून खाली उतरली, खाटेपाशी गेली, दोन्ही हात जमिनीला टेकले आणि वाकून खाटेखाली बघायला लागली. किती वेळ बघत होती. या बाजूने बघितलं, मग पलीकडे जाऊन त्या बाजूने.

रंजू, मला असं कुणी शोधलेलं नाही.